वाचून दाखवले

"आंगठा मुठीत ठेव, बाई!"

श्रीगोंद्याच्या कचेरीच्या फाटकात शेंगांची पाटी घेऊन बसणारी मावशी असं ओरडायची आणि स्वतःचा अंगठा चार बोटांत दाबून मूठ वर करून दाखवायची. मी आत कडुलिंबाखाली टेबल टाकून दस्त लिहायचो. तिचा आवाज आला की माझं टाळकंच फिरायचं. एक गिऱ्हाईक गेलंच म्हणून समजा!

तुम्हीही पाहिलं असेल. भाऊ बहिणीला घेऊन येतात, तिच्या अंगावर नवंकोरं लुगडं असतं. कागद हक्कसोडीचा. म्हणजे बापाच्या रानातला वाटा तिनं भावांना सोडून द्यायचा. कायद्यानं लेकीला वाटा मिळून तेव्हा पंधरा-सोळा वर्षं झाली होती. भावांना ते पक्कं ठाऊक, बहिणीला कुणी सांगितलेलंच नसायचं. तिनं विचारलंच तर म्हणायचे, "इहिरीच्या कामाचा कागद हाय, आक्का."

प्रत्येक दस्ताच्या शेवटी मी लिहायचो, 'मजकूर वाचून दाखवला, तो समजून अंगठा केला.' कुणाला वाचून दाखवत होतो? डोंबल! हाताला सवयच लागली होती त्या वाक्याची.

मावशी पाटी सोडून टेबलाशी यायची. "तिला वाचता येत न्हाई, तुला येतंय न्हवं? मग वाच की मोठ्यानं." भाऊ शिव्या द्यायचे, शिपाई हाकलायचा, ही हलायची नाही. एकदा तर बोंबलणाऱ्या भावाच्या हातावर तिनं ओंजळभर शेंगा ठेवल्या. "खा, वरडून घसा सुकला आसंल." मला हसू फुटलं होतं, पण गिऱ्हाइकासमोर दाबलं.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी आमचे वडील गेले. थोरल्या भावानं केडगावहून बहिणीला आणलं. लुगडं मी निवडलं, दस्तही मीच लिहिला. शाई पुढं सरकवली, तोच मावशी हजर.

"आज तरी वाच. आज तुजी भन हाय."

मी भडकलो. सगळ्यांदेखत ओरडलो, "तुझ्या बापाचं काय जातंय गं?"

ती ओरडली नाही. "बापाचं कवाच गेलंय. नवऱ्यानं दुसरी आनली, मी माह्यारी आले, तर भावानं कागद फुडं केला. वाचून दाखवला म्हून लिवलंय त्यात. तूच लिवलंस. तवा तुजी टोपी कोरी हुती."

मला काही केल्या ती आठवेना. एका बाईचं सगळं रान माझ्या हातानं गेलं आणि मला तिचा चेहरासुद्धा आठवू नये!

मग मी वाचलं. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. बहिणीनं नीट ऐकलं. "म्हंजी माजा वाटा जातोय," म्हणाली आणि थोरल्याकडं बघू लागली.

"वाटा घे की," तो म्हणाला. "मग दिवाळीला मातूर दारात येऊ नको."

बहिणीनं अंगठा केला. मी थोरल्याला अडवलं नाही, टीपकागदानं शाई टिपली. तिचं रान माझ्याही वाट्याला येत होतं ना!

मावशीनं तिचा अंगठा आपल्या पदरानं पुसला. शाई काही निघेना. मग तिच्या ओटीत शेंगा ओतल्या आणि फाटकाकडं गेली. पुन्हा माझ्याशी एक शब्द बोलली नाही. दुष्काळात खडी फोडायच्या कामावर गेली, एवढंच कळलं. कुठल्या, ते कुणालाच सांगता येईना. शेंगा मात्र सगळ्यांनी खाल्ल्या होत्या.

त्या दिवसापासून मी प्रत्येक दस्त मोठ्यानं वाचू लागलो. गिऱ्हाईकं तुटली. खड्ड्यात गेली! बहुतेक बाया ऐकूनही अंगठा द्यायच्या. माहेर तुटेल म्हणून. मला त्यांच्या भावांचा संताप यायचा, आणि मीही कुणाचा तरी भाऊच, हे आठवलं की माझाही.

वर्ष-दीड वर्षानं एक तरणी बाई आली. सगळं ऐकलं. शाईपर्यंत गेलेला हात तिनं मागं घेतला, मूठ आवळली आणि भावांना म्हणाली, "न्हाई देनार."

मी ताडकन उठलो. "मावशी!" म्हणून फाटकाकडं हाक मारली. फाटकात कुणी नव्हतं.