बांधाकडचा नमुना

अण्णांना कावीळ झाली तेव्हा ते इतके पिवळे दिसायला लागले की आमच्या आईला हसू आवरेना. "लग्नातसुद्धा एवढी हळद लागली नव्हती यांना," म्हणाली. सोनोग्राफी झाल्यावर मात्र तिचं हसू पळालं. पित्तनळी एका ठिकाणी आवळली होती. सुजेनं की कर्करोगानं, ते तिथला नमुना तपासल्याशिवाय कळणार नव्हतं.

सोलापूरच्या डॉक्टरांनी अण्णांच्या तोंडातून दुर्बीण घातली, पित्त वाहतं राहावं म्हणून आत प्लास्टिकची बारीक नळी बसवली आणि त्याच खेपेला छोट्याशा ब्रशनं आतल्या पेशी खरवडून घेतल्या. चार दिवसांनी रिपोर्ट आला, कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत. डॉक्टर पुढे आणखी काहीतरी सांगत होते, पण आम्ही कुठले ऐकतोय! आईनं गल्लीभर पेढे वाटले. मी शाळेत अख्ख्या वर्गाला गृहपाठ माफ केला.

अण्णा तेवढे पेढा हातात धरून बसून राहिले.

"खरवडलं कुटनं?" त्यांनी मला विचारलं. "वरवरचंच की!"

"अण्णा, रिपोर्ट चांगला आलाय. आता उगीच कीस काढू नका."

पण कीस काढण्यातच त्यांची सगळी नोकरी सरली होती. श्रीपूरच्या साखर कारखान्यात ते शेतकी खात्यात होते. ऊस तोडीला आलाय का, हे बघायला फडोफड हिंडायचे. शेतकरी आधी चहा पाजायचा आणि मग बांधाकडचा ऊस पुढे करायचा. बांधाकडच्या उसाला ऊन भरपूर, तो आधी गोड होतो. त्याचाच रस तपासला की तोड लवकर मिळते. अण्णा चहा प्यायचे आणि पानांनी हात कापून घेत सरळ फडाच्या मध्यात शिरायचे. सख्ख्या मेव्हण्याच्या फडातही शिरले. त्यानंतर मामा दोन वर्षं भाऊबीजेला आमच्याकडे फिरकला नाही.

पुढच्या तपासणीला गेल्यावर अण्णांनी डॉक्टरांनाच धरलं. "सायेब, बांधाकडचा नमुना घेतलाय तुमी. मधला कुटं हाय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टरांनी मात्र सगळं समजावून घेतलं आणि ते खूश झाले. "मी त्या दिवशी हेच सांगत होतो. ब्रशला सापडलं नाही म्हणजे नाहीच, असं नसतं. आता चिमट्यानं तुकडे घेऊ या."

"किती जागचे?"

"पाच-सहा."

"मग घ्या."

घरी येऊन आईनं भांड्यांवर राग काढला. बरं निघालेलं उकरायची हौसच आहे यांना, असं ती स्वयंपाकघरातून आम्हाला ऐकू येईल इतक्या जोरात म्हणत होती. मी तिची समजूत काढली नाही. खरं सांगायचं तर मलाही काही कळायला नको होतं. पहिल्या रिपोर्टवर माझं छान चाललं होतं.

आठवड्यानं दुसरा रिपोर्ट आला. तुकड्यांत कर्करोग नव्हता. शरीराची प्रतिकारशक्तीच उलटून पित्तनळीवर धावून गेली होती, आणि रक्ताच्या तपासणीतही तीच खूण निघाली. ऑपरेशन नको, गोळ्यांनी सूज उतरेल, अधूनमधून तपासत राहू, असं डॉक्टर म्हणाले. अण्णांनी त्यांच्याकडून रिपोर्ट दोनदा वाचून घेतला आणि "बरं" म्हणून उठले.

आता हा माणूस घरापर्यंत आम्हाला शहाणपण शिकवणार, म्हणून मी मनाची तयारी करत बाहेर आले. तर अण्णा दारापाशीच्या बाकावर मटकन बसले.

"अण्णा, काय होतंय? डॉक्टरांना बोलावू?"

"काय न्हाय, बस हितं." त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "लई भ्यालो हुतो गं, पोरी. तुमी सगळी खुशीत हुता. कुनाला सांगायचं?"

मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. मी शेजारी बसले आणि त्यांनी सोडेपर्यंत मनगट तसंच त्यांच्या हातात राहू दिलं.