कर्जत–पुणतांबा पॅसेंजर

आमच्या मामांइतका एसटीशी एकनिष्ठ कंडक्टर आख्ख्या नगर जिल्ह्यात झाला नसेल, आणि म्हातारपणी त्यांनीच तिच्याशी अशी गद्दारी केली की बोलायची सोय नाही. नव्वदीच्या दशकात मी कर्जतला कॉम्प्युटरचा क्लास काढला. निवृत्त झालेले मामा रोज दुपारी तिथे यायचे आणि आगगाडीचा गेम खेळायचे. बसून मात्र कधी नाही. टेबलाला कंबर टेकवून, पाय फाकवून उभे, जणू खाली रस्ता हलतोय. गाडी सुटताना तोंडाने डबल बेल द्यायचे. शेजारी मुली टायपिंग करत असल्या तरी "चला, फुडं सरका" हे व्हायचंच.

गेम पक्का व्यापारी होता. रूळ टाकायचे, स्टेशनं बांधायची, माल वाहून नफा कमवायचा. मामांनी परदेशी नकाशातल्या गावांची नावं पुसून कर्जत, श्रीगोंदा, काष्टी, नगर, पुणतांबा अशी घातली. त्यात कर्जतला समुद्र आला. उन्हाळाभर टँकरची वाट बघणाऱ्या आमच्या गावाला! "असू दे, कुणाचं काय जातंय?" मामा म्हणाले. सगळा नफा कोळशाच्या गाड्यांत, पण त्या बाजूला उभ्या करून मामा आपली एकुलती एक पॅसेंजर आधी सोडायचे आणि कंपनीचं दिवाळं काढायचे. मी ओरडायचो, "अहो मामा, कोळसा सोडा आधी!" तर म्हणायचे, "कोळशाला म्हायेर असतंय व्हय रं?" त्यात भारनियमन. लाईट गेली की सेव्ह न केलेले सगळे रूळ गायब, आणि वीजवाल्यांच्या सात पिढ्या उद्धरून मामा पुन्हा कर्जतपासून सुरुवात करायचे.

माहेर पुणतांब्याला, आणि ते मामींचं. मामींना गाडी लागायची. लागायची म्हणजे काय, डिझेलचा नुसता वास आला तरी ढवळून यायचं. कंडक्टरची बायको असून ही तऱ्हा! लिंबू झालं, आवळासुपारी झाली. पंचमीला भाऊ न्यायला यायचा, मामी कशाबशा श्रीगोंद्यापर्यंत पोचायच्या आणि स्टँडवरच आडव्या व्हायच्या. भाऊ एकटाच पुढे जायचा. आगगाडी त्यांना सोसायची, पण काष्टीचं स्टेशन गाठायलाही एसटीच. पुढेपुढे भाऊ यायचाच थांबला.

मग मामींच्या किडन्यांनी दगा दिला. अंथरुणावर पडल्यापडल्या एकच घोकायच्या, एकदा पुणतांब्याला जाऊन येते. मामा घरी जाऊन सांगायचे, "आज श्रीगोंद्यापातुर रूळ आलं." मी भेटायला गेलो, तर मामींनी उशाशी भरून ठेवलेली पिशवी दाखवली. "काष्टीपातुर लाईन कधी हुईल रं? तुझ्या देखरेखीखाली काम चाललंय म्हनं." मला घाम फुटला. त्यांना सगळं खरंच वाटत होतं. बाहेर येऊन मी मामांवर चिडलो, "खरं काय ते सांगून टाका ना त्यांना!"

"तू सांग," मामा म्हणाले. मी कुठला सांगतोय!

त्यानंतर भलतंच सुरू झालं. रूळ काष्टीला भिडले की मामा आपल्याच हाताने शेवटचे उखडायला लागले. मी विचारलं, तर स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाले, "लाईन झाली तर तिला न्यावं लागंल. डाक्टर म्हनतोय, हलवू नका. पूल बाकी हाय म्हनून सांगतो. तवर वाट तरी बगती ती." मी मुलींना दुसऱ्या कॉम्प्युटरवर बसवलं आणि हा मामांना मोकळा करून दिला. तो पूल सगळा पावसाळा बाकीच राहिला. दिवाळीच्या आधी मामी गेल्या.

अस्थी पुणतांब्याला, गोदावरीतच सोडायच्या ठरल्या. काष्टीपर्यंत जीप, पुढे पॅसेंजर. मामा खिडकीशी बसले, कलशाचं गाठोडं मांडीवर. विसापूर गेलं, नगर गेलं. राहुरीच्या पुढे दोन्ही अंगांना ऊस लागला, तेव्हा त्यांनी गाठोडं जरा वाऱ्याकडे सरकवलं आणि हळूच विचारलं, "बरं वाटतंय नव्हं?"