निम्मा काठ पाखरांचा

गणती माणसांची असो, मतदारांची असो की शेळ्यामेंढ्यांची, सरकारला पहिल्यांदा आठवतो तो शाळामास्तर. शहाण्णव साली तर मला पाखरं मोजायला लावली. आमचं गाव इंदापूर तालुक्यात, धरणाच्या फुगवट्याच्या काठावर. थंडी सरत आली की पाणी मागं हटतं, लांबवर गाळ उघडा पडतो आणि त्या गाळावर दोघांचा डोळा असतो. एक वीटभट्टीवाल्यांचा, कारण असली माती कुठं मिळत नाही. दुसरा लांबून येणाऱ्या उंच पायांच्या गुलाबी पाखरांचा, कारण त्यांचं पोट त्याच गाळात. या दोघांच्या मधे सापडली ती आमची गोजरबाई.

गोजरबाई बौद्धवाड्यातली. पन्नाशी उलटलेली, काटक, बोलायला फटकळ. नवरा लवकर गेला. झुंबर एकुलता एक. तो, सून आणि दोन नातवंडं गेणबाशेठच्या भट्टीवर कामाला. घराची भिंत पावसात बसली तेव्हापासून सगळं कुटुंब शेठच्याच खोपीत राहायचं. म्हणजे भाकरी शेठची आणि डोक्यावरचं पाचटही शेठचंच.

तिचं नाव मात्र सगळ्या शिवारात होतं ते गोफणीसाठी. ज्वारी दाण्यात आली की लोक तिला पाखरं राखायला बोलवायचे. माळ्यावर उभी राहून ती गोफण फिरवायची आणि तिचा फटकारा ऐकून शेजारच्या रानातली पाखरंसुद्धा उठायची. त्यामुळं पाखरांच्या खात्याचे साहेब पुण्याहून आले आणि चावडीत म्हणाले, "पाखरं राखायला खात्रीचं माणूस पाहिजे," तेव्हा गावानं एका तोंडानं तिचंच नाव घेतलं. साहेबांनी तिला रोजंदारीवर लावूनही टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोजरबाईनं ओच्यात दगड भरले, काठावर उभी राहिली आणि नजर पोचेल तिथपर्यंत एकही पाखरू शिल्लक ठेवलं नाही. साहेब चप्पल सोडून पळत आले.

"अहो बाई, हे काय चालवलंय?"

"राखत्ये की सायेब. येक बी बसू दिलं न्हाय."

गाव आठवडाभर हसत होतं. साहेब भला माणूस, त्यांनी खाली बसून तिला समजावलं. ती म्हणाली, "म्हंजी पाखरांपास्नं न्हाय, पाखरास्नीच राखायचं व्हय? आन् ते कुणापास्नं?" साहेबांनी भट्टीकडं हात केला. गोजरबाईनं गोफण घरी नेऊन खुंटीला लावली.

पुढं मात्र तिला त्या पाखरांचा लळाच लागला. ती त्यांना पाव्हण्या म्हणायची. कुत्री हाकलायची, पोरांच्या पाठीत धपाटे घालायची, जाळं टाकणाऱ्यांशी भांडायची. सून म्हणायची, "आत्याबाई, नातवंडांचे बी येवढे लाड केले न्हाईत तुमी." यावर ती चक्क लाजायची. सरकारी कामाचा मानही तिला होताच. साहेबांनी शब्द दिला होता, काठ राखीव झाला की तुला कायम करतो.

मग खात्यानं तोडगा काढला. काठ निम्मा निम्मा करायचा. मधोमध चुना लावलेला एक दगड पुरला. दगडापलीकडं पाखरांचं, अलीकडं भट्ट्यांचं. पण गणतीच्या दिवशी अलीकडं पाखरं बसलेली दिसली, तर तेवढाही काठ राखीव होणार आणि भट्टी उठणार. कुठंच दिसली नाहीत, तर राखीव काही ठेवायचंच नाही. "दोघांचंही भागलं पाहिजे," साहेब म्हणाले. चावडीत टाळ्या पडल्या. मी काही टाळी वाजवली नाही, कारण पाखरांना तो दगड दाखवायला कुणी गेलं नव्हतं. त्या वर्षी पाणी असं हटलं की भट्टीसमोरचाच गाळ सगळ्यात मऊ राहिला आणि निम्मा थवा तिथंच चरायला लागला.

गणतीच्या आदल्या दिवशी गेणबाशेठ खोपीपुढं येऊन उभा राहिला.

"गोजरबाय, उद्या दगडाच्या माझ्या अंगाला येक बी पाखरू दिसता कामा न्हाय."

"शेठ, मी त्यांची राखणदारीन हाय."

"मग राख की. पयल्या दिवशी राखलं व्हतंस तसं." शेठ हसला. मग नातवंडांकडं बघत म्हणाला, "भट्टी उठली तर ही खोप बी उठंल. आन् मी फटाकं लावलं तर माझ्यावर केस हुईल. तुला कोण इचारनार हाय?"

झुंबर म्हणाला, "आये, शेठ म्हनत्यात तसं कर." दुसरं काय म्हणणार तो? मला आजही गेणबाचा राग येतो, पण त्याहून जास्त त्या चुन्याच्या दगडाचा येतो. ज्यानं त्यानं आपापलं भागवून घेतलं आणि ओझं सगळं एका बाईच्या डोक्यावर दिलं. पाखरं अलीकडं दिसली तर पोराचं घर जाणार होतं, अजिबात दिसली नाहीत तर तिचं काम आणि पाव्हण्यांचा काठ.

तिनं तिसरी वाट शोधली. ओरडायचं नाही, दगड मारायचा नाही. पहाटे गाळात उतरायचं आणि गुरं वळतात तसं पाखरांना हळूहळू दगडापलीकडं वळवायचं. गोफण तिनं कमरेला खोचली, पण ती काढायची वेळ येऊ नये असंच तिच्या मनात होतं.

हे सगळं तिनंच मला नंतर सांगितलं. पाखरं तिला ओळखत होती, भ्याली नाहीत. ती एक पाऊल टाकायची, पाखरं दोन पावलं सरकायची. पुढची पाखरं दगडाच्या रेषेपलीकडं गेलीसुद्धा. आणखी थोडं चालली असती तर सगळं साधलं असतं. पण गाळाला तळ नव्हता. तिचा एक पाय गुडघ्यापर्यंत गेला, तो उपसायला दुसऱ्यावर भार दिला तर तो मांडीपर्यंत गेला. पुढं जाता येईना, मागं फिरता येईना. पाखरंही थांबली. अर्धी पलीकडं, अर्धी अलीकडं, माना वळवून तिच्याकडं बघत. ती नुसती "चला गं बायांनो, चला" म्हणत राहिली.

तेवढ्यात रस्त्यावर आमच्या, म्हणजे साहेबांच्या नि माझ्या, गणतीच्या जीपचा धुरळा दिसला. भट्टीच्या ढिगावर उभा राहून गेणबाशेठ हातवारे करत होता. खोपीतून चुलीचा धूर निघत होता. गोजरबाईनं कमरेची गोफण काढली, दगड नव्हता म्हणून गाळाचाच गोळा घातला, आणि फिरवली.

आम्ही पोचलो तेव्हा काठ रिकामा होता. अलीकडं काही नाही, पलीकडं काही नाही. साहेबांनी दुर्बीण दोनदा पुसली.

"काल संध्याकाळी होती साहेब, मी बघितलीत," मी म्हणालो.

"कालचं कसं लिहू मास्तर? मी आज आलोय."

"चार दिवसांनी परत बघा."

"चार दिवसांनी मी सोलापूरकडं असणार." त्यांनी कागदावर 'निरंक' लिहिलं. सरकारी भाषेत शून्यालाही असा भारदस्त शब्द आहे. मग दूर गाळात उभी असलेली आकृती त्यांना दिसली. "ती बाई तिथं काय करतेय?"

"आपलीच राखणदारीन सायेब," गेणबाशेठ अदबीनं म्हणाला. "ड्यूटीवर हाय."

साहेबांना खरोखर वाईट वाटलं. "कामाची बाई होती. पण पाखरंच नाहीत तर काठ तरी राखीव कसा ठेवू? तिला सांगा, एक तारखेपासून येऊ नको." त्यांनी लांबूनच तिला हात केला. तिनंही हात वर केला. ती मदतीला बोलावत होती, हे जीप वळून गेल्यावर माझ्या ध्यानात आलं.

मी आणि झुंबर भट्टीवरची फळी नि दोर घेऊन गाळात उतरलो. ती कमरेपर्यंत रुतली होती, ओठ निळे पडले होते. झुंबरनं तिच्या काखेत दोर घातला आणि साहेबांचं बोलणं तिला सांगितलं. काठ आता सगळाच भट्ट्यांचा, आणि तिचं कामही गेलं.

"आये," तो रडवेला होऊन म्हणाला, "पल्याडची तरी बसू द्यायची व्हतीस गं."

गोजरबाईनं दोर दोन्ही हातांनी धरला.

"ती निम्मी निम्मी उडत न्हाईत रं, झुंबर."

आम्ही फळी पुढं सरकवली आणि पुन्हा ओढायला लागलो.