सीटवरचं वजन

तुम्ही शेवटची सही कुणाची घेतलीत, आणि घेण्याआधी त्या माणसाला कागद वाचून दाखवलात का? भाडेकरूची असेल, वॉचमनची असेल, घरकामाच्या बाईंची असेल. मी एका रोलर चालवणाऱ्या माणसाची घेतली होती. कागद वाचून दाखवला नव्हता.

माझ्या हातून हे व्हायला नको होतं, कारण मी पत्रकांवर वाढले. वडील कारखान्यात फिटर. बिबवेवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे: नळाच्या पाण्याचं, शिष्यवृत्तीचं, कंत्राटी कामगारांचं. पत्रक छापायला जाण्याआधी वडील ते मला विहाराच्या पायरीवर मोठ्याने वाचायला लावत. "ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांनी आधी ऐकलं पाहिजे," म्हणायचे. एकदा झाडूकाम करणाऱ्या एका मावशींनी मला मध्येच थांबवलं. "आम्ही दीनदुबळ्या कधीपासून झालो गं? काढ तो शब्द." वडिलांनी तिथेच पेनने तो शब्द खोडला.

डिप्लोमा झाल्यावर मला परदेशी बनावटीची बांधकामाची मशीनं विकणाऱ्या एका डीलरकडे सर्व्हिस इंजिनियरची नोकरी लागली. पुण्याच्या कडेने आयटीच्या काचेच्या इमारती उठत होत्या आणि त्यांच्याकडे जाणारे रस्ते रुंद होत होते. या नव्या मशीनांत जागोजाग सेन्सर होते. मशीन अडलं की मी लॅपटॉप जोडायचे, कोड वाचायचे, मीटर लावून वायर तपासायचे. साइटवर मी एकटीच बाई असायचे, त्यामुळे आपलं निदान चुकता कामा नये याची मला जरा जास्तच ईर्ष्या होती.

लोणी काळभोरच्या अलीकडच्या साइटवर एक रोलर चालता चालता बंद पडायचा. लॅपटॉप सीटच्या सेन्सरकडे बोट दाखवत होता. सीटखाली एक स्विच असतो. माणूस बसला की तो वजनाने दाबला जातो. माणूस सीटवरून उठला किंवा पडला, तर काही सेकंदांत इंजिन बंद होतं. पडलेल्या माणसावरून रोलर जाऊ नये, म्हणून ही सोय.

तो चालवणारे काका वाशीमकडचे, पन्नाशी ओलांडलेले. डब्याच्या सुट्टीत रोलरच्या सावलीत बसून मराठी पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचायचे. पहिल्या खेपेला मी स्विच बदलला. चार दिवसांनी पुन्हा तक्रार आली. दुसऱ्या खेपेला वायरिंग बदललं. दोन्ही वेळा मी स्वतः बसून रोलर फिरवून पाहिला, तो बिनतक्रार चालला.

"मॅडम, दुरुस्तीला येता की फेरफटका मारायला?" सुपरवायझर म्हणाला.

"येऊ द्या हो त्यांले," काका म्हणाले. "बाई बसल्या की चालते. मी बसलो की रुसते."

तिसऱ्या खेपेला मी मीटरच्या दोन पिना स्विचच्या वायरींना लावल्या. स्विच दाबला गेला की मीटर वाजतो. मी बसले, वाजला. मी काही अंगाने भरलेली नव्हते. कॉलेजात मला काडी म्हणायचे. मग काका बसले. मीटर वाजला. त्यांनी स्टिअरिंग धरायला पुढे वाकायला घेतलं आणि तो गप्प झाला. ताठ बसले, वाजला. वाकले, गप्प.

"काका, पुन्हा बसा."

तीनदा बसवलं. तिन्ही वेळा तेच. आणि मग मी, तीन खेपांत पहिल्यांदा, मशीन सोडून माणसाकडे पाहिलं. पँट नायलॉनच्या दोरीने बांधलेली. कॉलरमध्ये मान कुठेतरी मधोमध उभी.

काकांनी मीटरकडे पाहिलं आणि हसले. "म्हणजे मशीनले मी दिसूनच नाही राहिलो." हसता हसता खोकला लागला, तो बराच वेळ थांबला नाही.

"खोकला कधीपासून आहे?"

"रोडवर धूळ नाही तं काय अत्तर राहील?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, त्या दोन वायरी जोडून द्या. डायरेक्ट. सगळेच करतात. अन् फॉल्ट मशीनचाच लिहा. दोघी पोरी शिकून राहिल्या. हे सीट गेलं तं मले दुसरं कोण देईन?"

"चक्कर येऊन खाली पडलात, तर रोलर थांबणार नाही काका. मी नाही जोडणार."

या नकाराची मला आजही लाज वाटत नाही. लाज पुढच्या गोष्टीची आहे.

मी सर्व्हिस रिपोर्ट लिहायला बसले. फॉर्म इंग्रजी, म्हणून मीही इंग्रजीत लिहिलं. मशीनमध्ये दोष नाही. ऑपरेटरचं वजन सीटचा स्विच दाबून धरायला पुरत नाही. ऑपरेटरची वैद्यकीय तपासणी तातडीने करावी. शेवटच्या वाक्याखाली मी दोन रेघा ओढल्या. वाटलं, आता हे कागदावर आलं, कंत्राटदाराला टाळता येणार नाही. लिहिलेल्या शब्दावर आमच्या घराचा फार विश्वास.

फॉर्मवर ऑपरेटरच्या सहीचा रकाना होता. मी पेन पुढे केलं.

"काय लिहिलं, बाई?"

"जे खरं ते लिहिलंय काका. तुमच्या भल्याचंच आहे."

त्यांनी पेन घेतलं आणि वळणदार मराठीत पूर्ण नाव लिहिलं. शाळेत बक्षीस मिळालेल्या मुलाचं असतं तसं अक्षर.

पुढच्या आठवड्यात ऑइल बदलायला गेले तेव्हा सीटवर दुसराच, चांगला जाडजूड माणूस होता.

"तुम्हीच लिहिलंत ना?" सुपरवायझर म्हणाला. "मशीन ओके, माणूस नॉट ओके. बदलला माणूस. आता बंद पडत नाही."

"आणि तपासणी?"

"अहो, आम्ही रस्ते बांधतो. दवाखाना चालवत नाही."

काकांच्या खोलीत राहणारा पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर भेटला. काका गावी गेले होते. जाताना त्याला म्हणाले होते, बाईनं मी म्हातारा झालो असं लिहिलं. तपासणीबद्दल त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. काही महिन्यांनी त्याच ड्रायव्हरने मला पुढचं सांगितलं. क्षय होता. गावी अंथरुणाला खिळल्यावर कळलं. औषधं सुरू झाली, पण उशीर झाला होता. ती औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. पुण्यातही मिळत होती.

त्या कागदावर त्यांच्या उपयोगाचं एकच वाक्य होतं, आणि रोज पेपर वाचणाऱ्या त्या माणसाला वाचता येणार नाही अशा भाषेत मी ते लिहिलं. मोठ्याने वाचून दाखवलं असतं, तर ते भांडले असते. "खोडा ते," म्हणाले असते. मी खोडलं नसतं, पण मग तपासणी कुठे करायची, कुणाबरोबर जायचं, हे मला तिथेच सांगावं लागलं असतं. कदाचित दुसऱ्या दिवशी महापालिकेच्या दवाखान्याच्या रांगेत मी त्यांच्या शेजारी उभी असते. माझ्याशी भांडायचा त्यांचा हक्क होता. "तुमच्या भल्याचंच आहे" एवढ्या तीन शब्दांत मी तो काढून घेतला.

घरी वडिलांना सगळं सांगितलं. ते शर्टाची घडी घालत होते.

"त्यांना ऐकवलं होतंस?"

"नाही."

त्यांनी घडी मोडली आणि पुन्हा घालायला घेतली.

म्हणून तुम्हाला विनंती आहे. पुढच्या वेळी कुणापुढे सहीसाठी कागद ठेवाल, तेव्हा पेन हातातच ठेवा. कागद त्या माणसाच्या भाषेत, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवा. तो काय म्हणतो ते ऐका. तो भांडला तर भांडू द्या. आणि घाई असेल, तर सही उद्या घ्या.