थांबलेला नकाशा
बिरसीच्या विमानतळावर हवामानाच्या खोलीत बसणारे काकाजी नसते, तर ही गोष्ट सांगायचा धीर मला झाला नसता. भात करपल्याचा वास आला की ती सकाळ आठवते. सातवीत शाळा सोडून मी कोकणातून इतक्या लांब, इथल्या खानावळीत कामाला आलो होतो. इथं आभाळ स्वच्छ, शिवारात धानाची कापणी चाललेली, आणि तिकडे समुद्रात वादळ होतं. काकाजींना चहा देताना मी त्यांच्या कॉम्प्युटरवरचा नकाशा बघायचो. आठला पाहिला, नऊला पाहिला, वादळ जागचं हललं नव्हतं. तेवढ्यात मासेमारीला गेलेल्या दादाचा होडीवरून फोन आला, "परतू की दुपारपर्यंत थांबू?" मी म्हणालो, "थांब, वादळ थांबलंय." काकाजींनी कप खाली ठेवला. "काऊन सांगितलं बे असं? वादळ नाही, नकाशा थांबला हाय. हा काल सांजच्या साडेपाचच्या नोंदींवरचा हाय. आज पहाटेच्या नोंदींचा हिशेब कॉम्प्युटर अजून करून राहिला, तो याले दहा वाजतील." मी लगेच फोन लावला, पण दादा रेंजबाहेर गेला होता. मी लावतच राहिलो, चुलीवरचा भात करपला. काकाजींनी चार ठिकाणी विचारून आमच्या बंदरावरच्या मच्छीमार सोसायटीचा नंबर काढला आणि वायरलेसवरून दादाला निरोप पोचवला. दहानंतर आलेल्या नकाशात वादळ आमच्या किनाऱ्याला टेकलं होतं. होडी लागल्याचा फोन संध्याकाळी आला, तोवर काकाजीही जेवले नाहीत. रोज समुद्राचे नकाशे बघणाऱ्या त्या माणसानं समुद्र कधी पाहिलेला नाही. आता ते निवृत्त झालेत आणि मी अजून इथंच भात शिजवतो, पण एकदा त्यांना गावी नेईन आणि दादाच्याच होडीत बसवीन.