कोलकात्यात कुठं टेकायचं

आई आमच्याकडे आली ती परतीचं तिकीट पर्समध्ये घालूनच. बरोबर महिन्यानंतरचं. लेकीच्या घरी महिनाभर राहिलं तर पाहुणी, त्याच्यापुढे राहिलं तर ओझं, हे तिनं मला हावड्याच्या फलाटावर, हमाल तिची बॅग डोक्यावर चढवत असतानाच ऐकवलं. बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. कऱ्हाडच्या फ्लॅटमध्ये ती एकटी राहायची, आणि पावसाळ्यात न्हाणीघरात पाय घसरून पडली तेव्हा शेजाऱ्यांना पत्ता लागायला दुपार उजाडली होती. मला तिला परत पाठवायचं नव्हतं. पण हे तिला तोंडावर सांगितलं असतं तर ती दुसऱ्याच दिवशी निघाली असती. म्हणून मी ठरवलं की महिनाभरात तिला हे शहर आवडायला लावायचं, म्हणजे राहायचं ती आपणहून ठरवेल. मी बँकेत आहे. लोकांच्या गळ्यात विमा मारायची मला सवय आहे. एक शहर आईच्या गळ्यात मारायला कितीसं अवघड जाणार, असं मला वाटलं होतं.

नवरा रेल्वेत, त्यामुळे आमचं क्वार्टर गार्डन रीचच्या रेल्वे कॉलनीत. जुनं, उंच छताचं, एकेक खोली अशी की आमचं आधीचं पुण्याचं घर तिच्यात मावावं. तरी त्या घरात आईला बसायला जागा नव्हती. जावई समोर आले की सासूनं बसून राहायचं नाही, हे तिच्या हाडीमाशी मुरलेलं. नवरा संध्याकाळी घरात पाऊल टाकायचा आणि आई हॉलमधून उठून स्वयंपाकघरात जायची. तो पाणी प्यायला तिथं गेला की ती बेडरूममध्ये. तो म्हणायचा, आई, तुम्ही बसा हो. ती "बसलेच आहे" म्हणत उठायची. शेवटी तो आपल्याच घरात चोरासारखा वावरायला लागला. तहान लागली तर हॉलमधून मला मोबाइलवर मेसेज करायचा.

दिवसभर आम्ही दोघं कामावर. आई घरात एकटी. "इथं मला काही काम नाही," असं ती रोज एकदा तरी म्हणायची, तक्रार म्हणून नाही, आज मंगळवार आहे असं सांगावं तसं. माझ्या हातात फक्त रविवार होते.

आता माझा एक स्वभाव आहे. मला नुसतं भटकता येत नाही. शहर बघायचं तर एक विषय धरून बघावं, महिनाभर त्याचाच पाठपुरावा करावा, म्हणजे शहराचा इतिहास कळतो, असं माझं मत. विषय नसला की माणूस चार इमारतींपुढे फोटो काढतो आणि घरी येऊन झोपतो. तेव्हा पहिल्याच शनिवारी मी जेवणाच्या टेबलावर सभा बोलावली. आई सभेला स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हजर होती.

नवऱ्यानं रेल्वेचा इतिहास सुचवला, माहिती सांगायला तो स्वतः येणार होता. आई म्हणाली, रेल्वेनंच तर आले, दीड दिवस तेच बघत होते. मी इंग्रजांच्या जुन्या इमारती म्हटलं. साहेब गेला ना, मग त्याची घरं कशाला हुंगत फिरायचं, असं तिचं म्हणणं पडलं. मिठाईच्या जुन्या दुकानांचा विषय तिच्या साखरेमुळे बाद झाला. देवळं काढली तर म्हणाली, देव काय, कऱ्हाडातही तोच आहे.

मग नवऱ्याला स्फुरण चढलं. मराठे इथवर येतील म्हणून इंग्रजांनी या शहराभोवती खंदक खणायला घेतला होता, त्याचा माग काढू, असं तो म्हणाला. आईनं पहिल्यांदाच रस दाखवला. मराठे इकडे कशाला आले होते, तिनं विचारलं. तो जरा घुटमळला आणि म्हणाला, लुटायला. मग शहरात शिरले का? नाही, तो खंदक अर्धाच राहिला आणि मराठेही आले नाहीत. आता कुठाय खंदक? बुजवला, वर रस्ता झालाय. आईनं सगळं नीट जुळवून घेतलं. आपल्या लोकांना अडवायला खणलेला, आपले लोक जिथं आलेच नाहीत तो, आणि आता नसलेला खड्डा बघायला जायचं, असा तिनं सारांश केला. नवऱ्यानं पोळी वाढून घेतली.

"मला गुडघे आहेत," आई म्हणाली. "जिथं बसायला मिळेल तिथं येते."

मी वैतागले होते. म्हटलं, मग काय, कोलकात्यात कुठं कुठं बसता येतं त्याचा इतिहास बघायचा का?

"बघ की. त्याला काय झालं."

असा आमचा विषय ठरला. सोमवारी मी बँकेत एका बंगाली सहकाऱ्याला भीतभीत सांगितलं, तर तो हसला नाही. उलट खुर्ची ओढून बसला आणि त्यावरच अर्धा तास बोलला. या शहरानं उभं राहून कधी काही केलेलंच नाही, असं त्याचं ठाम मत होतं.

पहिल्या रविवारी त्यानं सांगितलेल्या उत्तरेकडच्या गल्ल्यांत गेलो. तिथं जुन्या घरांच्या दाराशी भिंतीला लागून लाल सिमेंटचा ओटा असतो, त्याला रोक म्हणतात. गल्लीतले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या त्यावर बसून गप्पा हाणत आलेत. आईनं बघताक्षणी "हा तर कट्टा" म्हणून निकाल दिला आणि बसली. नुसती बसली नाही, पारख केली. उंची बरी, पाठ टेकायला भिंत आहे, सिमेंट गार आहे पण गुळगुळीत आहे. थंडी म्हणावी तर आमच्या कऱ्हाडला सकाळी असते तेवढी, आणि समोरच्या रोकवरचे म्हातारे माकडटोप्या, मफलर, हातमोजे घालून हिमालयात निघाल्यासारखे बसले होते. आईला त्यांची काळजी वाटली. पुढच्या गल्लीत मात्र ती भडकली. तिथं एका घरमालकानं कुणी बसू नये म्हणून रोकवर नवं सिमेंट ओतून त्याला तिरका उतार दिला होता. आईनं तिथं बसून पाहिलं, घसरली, पुन्हा बसून पाहिलं. घराचा मालक बाहेर आला तेव्हा तिनं त्याला शुद्ध मराठीत झापलं. तो हात जोडून आत गेला. काय कळलं त्याला, कोण जाणे, पण त्यानं आतून खुर्ची आणून दिली.

दुसऱ्या रविवारी घाट. नवराही आला. गंगेवरचा एक मोठा घाट एका बाईनं नवऱ्याच्या आठवणीसाठी बांधलेला आहे, हे मी वाचून ठेवलं होतं. आई पायऱ्यांवर बसली. बाबांच्या नावानं तिनं कऱ्हाडला देवळाबाहेर सिमेंटचा बाक दिला होता, आपल्याकडे देतात तसा, पाठीवर रंगानं स्मरणार्थ लिहिलेला. तो रंगवणाऱ्यानं बाबांचं नाव बारीक आणि देवस्थान समितीचं जाड काढलं होतं, त्याचा राग तिला अजून होता. "बाईनं घाट बांधला आणि मी बाक," ती म्हणाली. मग आम्ही हावड्याला जाणारी फेरीबोट पकडली. आत खच्चून गर्दी. एकच बाक मोकळा, आणि त्यावर आधी आई बसली, मग मागच्या लोंढ्यानं माझ्या नवऱ्याला तिच्या शेजारी आणून आदळलं. उठायला जागाच नव्हती. पैलतीर येईपर्यंत सासू-जावई खांद्याला खांदा लावून बसले होते, दोघंही समोर बघत, पासपोर्टचा फोटो काढायला बसल्यासारखे. उतरताना आई त्याला म्हणाली, तुमचे केस फार पातळ झाले हो. आमच्या लग्नाला वीस वर्षं होऊन गेल्यावर तिनं त्याच्याविषयी त्याच्याच तोंडावर बोललेलं हे पहिलं वाक्य असावं.

तिसऱ्या रविवारचा बेत पार फसला. शहराच्या मधोमध असलेल्या मोठ्या मैदानावर जायचं होतं, पण कुठलासा मोर्चा निघाला होता आणि बस येईना. कॉलनीच्या फाटकाबाहेरच्या बसथांब्यावर आम्ही ताटकळलो. तिथं पत्र्याखाली एक बाक, आणि बाकावर एक बंगाली म्हातारी, आईच्याच वयाची, शाल गुंडाळून. तासाभरानं मोर्चा सरला आणि बस आली. आमची नव्हती, दुसरीकडची. आईनं म्हातारीला कोपरानं ढोसलं, अहो, बस आली. म्हातारीनं हात हलवला, नको. दुसरी आली. आईनं पुन्हा ढोसलं. नको. तिसरी बस खरं तर आमची होती, पण म्हातारीची गाडी चुकतेय या काळजीत आईचं तिकडे लक्षच नव्हतं, आणि आम्ही जागचे हललो नाही हे बघून म्हातारीला वाटलं आमचीच चुकली. ती उठून कंडक्टरला ओरडायला लागली. बस निघून गेली. मग तिनं मला मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं, की ती रोज इथं बसायलाच येते. समोरच्या बोळात दोन खोल्यांत राहते, आणि खिडकीतून भिंत दिसते. इथून निदान बस दिसते.

सोमवारपासून आई दुपारी त्या थांब्यावर जायला लागली. रात्री जेवताना मला बातम्या मिळायच्या. म्हातारीचा नवराही रेल्वेत होता. मुलगा बंगळूरला, सून जरा ताठ. नातवाला बंगाली वाचता येत नाही. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, डाव्यात धरतोय. म्हातारीला हिंदीही धड येत नव्हती आणि आईला बंगालीचा गंध नव्हता. मी विचारलं, तुला हे सगळं कळतं कसं?

"त्यात काय कळायचंय," आई म्हणाली. "मीही हेच बोलते."

मी मात्र माझ्या विषयाला चिकटून होते. चौथ्या रविवारी आम्हाला हावडा स्टेशनच्या जुन्या वेटिंग रूम बघायच्या होत्या, नवऱ्यानं तशी परवानगीही काढली होती. शनिवारी रात्री आईनं पर्समधून परतीचं तिकीट काढलं. उद्या फिरायला नको, सामान आवरते, असं ती म्हणणार याची मला खात्री होती. महिनाभर मी तिला शहरभर टेकवत फिरले होते आणि राहा एवढं सरळ म्हणायचं राहून गेलं होतं.

तिनं तिकीट माझ्या नवऱ्यापुढे धरलं. "हे तेवढं रद्द करा."

बुधवारी म्हातारीच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. मुलाला रजा नव्हती. त्यानं आया पुरवणाऱ्या एका सेंटरमधून दिवसाच्या पगारावर बाई ठरवली होती, ती बरोबर जाणार होती. आईला हे पटलेलं नव्हतं. भाड्यानं आणलेलं माणूस आपल्या वेळेकडे बघत बसतं, ती म्हणाली. बाबांच्या वेळी ती स्वतः वॉर्डाबाहेरच्या बाकावर दिवसचे दिवस बसून होती. तेव्हा त्यांना बाहेरचं काही दिसत नव्हतं, पण आतल्या माणसाला बाहेर कोण बसलंय ते कळतं, असं तिचं म्हणणं.

मला आनंद झाला. त्याच्या मागोमाग राग आला, आणि राग जास्त वेळ टिकला. घाट काय, रोक काय, मी जिवाचं रान केलं, पोटची पोर तिला राहा म्हणून आडून आडून विनवत होती, तर ही बया राहणार कुणासाठी, तर बसथांब्यावरच्या बाईसाठी. मी तसं बोलूनही दाखवलं. म्हटलं, आणि तिच्या डोळ्याचं झालं की मग जाणार का?

"तिला दुसरा डोळा आहे की," आई म्हणाली. "तो पिकायला अजून वेळ लागेल म्हणे."

बुधवारी मी अर्धी रजा टाकून त्यांच्याबरोबर गेले. म्हातारीला आत नेताना तिनं आपली शाल काढून आईकडे दिली. सेंटरची बाई कँटीनमध्ये जाते म्हणून गेली ती गेलीच. आम्ही दोघी लांबलचक व्हरांड्यात, एकमेकींना जोडलेल्या लोखंडी खुर्च्यांवर बसलो. आईनं या वेळी उंची पाहिली नाही, पाठ पाहिली नाही. शाल मांडीवर घेऊन ती बंद दाराकडे बघत होती. तिच्याशी काही बोलावं म्हणून मी दोनदा तोंड उघडलं, तिनं दोन्ही वेळा हातानं थांबवलं.

बऱ्याच वेळानं दार उघडलं आणि सिस्टर कागद घेऊन बाहेर आली. पेशंटबरोबरच्या माणसांना इथं पेशंट पार्टी म्हणतात. म्हातारीचं नाव घेऊन तिनं पेशंट पार्टी कोण म्हणून विचारलं. मी उठून सांगणार होते की घरचं तसं कुणी आलेलं नाही, आम्ही नुसत्या ओळखीच्या. माझी बंगाली वाक्यं मनात जुळत होती, तोवर आई गुडघ्यांवर हात दाबून उभी राहिली.

"मी आहे," ती म्हणाली.