सोनबाची आल्व्हिस

सोनबाला गाडी चालवता येत नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. सायकलही येत नव्हती. तरी आकुर्डीपासून चिंचवडपर्यंत सगळे त्याला 'गाडीवाला सोनबा' म्हणायचे. आणि गाडीही साधीसुधी नव्हे. विलायतेतल्या कोव्हेंट्रीची आल्व्हिस, लांबलचक बॉनेटची, फिकट हिरव्या रंगाची, कापडी टप मागे दुमडला की सगळी उघडी होणारी. अशी गाडी मी तोवर मासिकातल्या चित्रातच पाहिली होती.

सोनबाची जमीन बासष्ट साली कारखान्यासाठी गेली. हायवेच्या कडेची, काळी, विहिरीखालची जमीन. बैलजोडी चाकणच्या बाजारात विकून तो घरी आला आणि आठ दिवस रिकाम्या गोठ्यात बसून राहिला, असं गाववाले सांगत. मग त्याच जमिनीवर कंपनीनं बंगला बांधला आणि सोनबाला तिथं माळी म्हणून ठेवलं. बंगल्यात लॉसन साहेब राहायला आले. यंत्रं बसवून द्यायला ते विलायतेहून आले होते आणि ही गाडी त्यांनी बोटीतून सोबत आणली होती. पासष्टात तब्येत बिघडली म्हणून ते मायदेशी परतले. जाताना सोनबाच्या हातात शेडची किल्ली देऊन मोडक्या हिंदीत बजावून गेले, की गाडी सांभाळ, महिन्यातून एकदा हँडल मारून इंजिन फिरव, कुणाला चालवू देऊ नकोस, मी परत येईन.

साहेब काही आले नाहीत. सोनबा सोळा वर्षं गाडी सांभाळत राहिला.

आता सांभाळायची कशी? त्याला सांभाळण्याची एकच रीत ठाऊक होती, ती बैलाची. जनावर एका जागी बांधून ठेवलं की पाय आखडतात, म्हणून रोज सकाळी टप उघडून तो गाडी शेडबाहेर काढी. त्याची बायको गोजाबाई स्टेअरिंगवर बसे आणि सोनबा मागून ढकली. बंगल्यापुढच्या गोल रस्त्याला एक पुरा फेरा घालून गाडी परत शेडमध्ये. साहेबांनी सांगितलेला महिना त्यानं अमावास्येवर बसवला होता. दर अमावास्येला आंघोळ करून तो हँडल मारी. टपाच्या घडीत कडुनिंबाचा पाला कोंबलेला असे. भादवी पोळ्याला तर विचारूच नका. गाडीला आंघोळ, चाकांना गेरू, दिव्यांना झेंडूच्या माळा, आणि पुढच्या जाळीत पुरणपोळीचा घास.

मी, विलास, कंपनीच्या गॅरेजमध्ये मेकॅनिक. एक्क्याऐंशी साली मला या शेडमध्ये पाठवलं ते काम सोपं होतं. लॉसन साहेब दोन वर्षांपूर्वी वारल्याचं पत्र त्यांच्या बाईंकडून आलं होतं. गाडी मुंबईच्या एका शौकिनानं घेतली होती, बंगला पाडून तिथं कारखान्याची नवी शेड होणार होती. शुक्रवारी मुंबईचा ट्रक येणार, त्याआधी मी इंजिन चालू करून द्यायचं. साहेब गेल्याचं कळलं तेव्हा सोनबा अंगावरच्या कपड्यांसकट विहिरीवर जाऊन आंघोळ करून आला. आपल्याकडे भाऊबंदाची बातमी आली की करतात तशी.

मी मुळात तापट. जाळीतून पुरणाचे वाळलेले तुकडे आणि मुंग्या काढता काढता मी त्या म्हाताऱ्याला नको नको ते बोललो. गाडी आहे का खोंड आहे, असंही विचारलं. तो मान खाली घालून ऐकत राहिला आणि मला पाना उचलून देत राहिला. मग मी टायर पाहिले. रबर जुनं झालं होतं, पण टायर एका बाजूनं बसले नव्हते. टपाला कसर लागलेली नव्हती. हँडल मारून पाहिलं तर सोळा वर्षं उभ्या गाडीचं इंजिन सरळ फिरलं. बोललेलं परत घ्यायला माझी जीभ वळेना, म्हणून मी त्याला फाटकावरच्या टपरीवर चहा पाजला.

बुधवारी दुपारी इंजिन लागलं. गोजाबाई दाराशी पदर तोंडाला लावून उभी होती. सोनबानं मला पेरूच्या झाडाआड नेलं आणि हळूच विचारलं, की गाडी जायच्या आधी हिला इंजिनावर एक चक्कर माराल का. मी सरळ नाही म्हणालो. गाडी फाटकाबाहेर न्यायची नाही, असा मॅनेजरांचा हुकूम होता. तेव्हा त्यानं मला त्रेसष्टची गोष्ट सांगितली.

त्या साली नाताळात लॉसन साहेबांनी बंगल्यावरच्या सगळ्या नोकरांना बायकामुलांसकट देहूरोडपर्यंत फिरवून आणलं होतं. शेवटी गोजाबाईची पाळी आली. नवं लुगडं नेसून ती फाटकाशी उभी होती. साहेबांनी स्वतः दार उघडून धरलं. आणि सोनबा मध्ये पडून म्हणाला, आमच्यात बायका उघड्या गाडीतून मिरवत नाहीत. त्याच्या आईनं सकाळीच त्याचे कान भरले होते. गोजाबाई घरी गेली, लुगडं बदललं आणि भाकऱ्या थापायला बसली.

"तिनं कधी बोलून दावलं न्हाई," सोनबा म्हणाला. "बोलली असती तर बरं झालं असतं. आता आई बी गेली, सायेब बी गेलं. शुक्रवारी गाडी गेली, की मी हे कुठं भरून काढू, विलासराव?"

मी त्याच्यावरच डाफरलो, की चालवून पाहिल्याशिवाय गाडी कुणी ताब्यात देतं का, ट्रायल तर घ्यावीच लागणार, आणि ट्रायलला शेजारी कुणीतरी वजनाला लागतंच. हुकूम मोडायला मेकॅनिकला एवढं कारण पुरतं.

शुक्रवारी सकाळी गोजाबाई धुतलेलं लुगडं नेसून, नाकात नथ घालून आली. मी टप मागे टाकला. मागच्या सीटवर जागा आहे, तुम्हीही चला, असं मी सोनबाला म्हटलं, तर तो दोन पावलं मागेच सरला.

"नगं. त्या दिशी मी आडवा आलो. आज तिची तिला जाऊ द्या."

फाटकातून बाहेर पडून आम्ही निगडीच्या बाजूला लागलो. पहिल्या शिफ्टचे सायकलवाले मान वळवून बघत होते. वाऱ्यानं गोजाबाईचा पदर डोक्यावरून खांद्यावर आला, तो तिनं सावरला नाही. ती हसत होती. साठीच्या घरातली बाई अशी हसताना मी पाहिली नव्हती आणि सोनबा बरोबर असायला हवा होता, असं मला फार वाटलं. मग ती समोरच्या छोट्या आरशाकडे झुकून बघू लागली. एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं, मग हात लांबवून आरसाच स्वतःकडे वळवला. मी चिडलो. मला मागची वाहनं दिसेनात. तेवढ्यात ती म्हणाली, की गाडी माघारी घ्या. चक्कर येतेय का, असं मी विचारलं, तर तिनं नुसती नाही म्हणून मान हलवली.

फाटकाशी ट्रक येऊन उभा होता. सोनबा धावत पुढे आला. दार त्यानंच उघडलं आणि कसं वाटलं, म्हणून विचारलं. अठरा वर्षं पोटात ठेवलेला प्रश्न होता तो. गोजाबाई उतरली, तिनं पदर डोक्यावर घेतला.

"चांगलं हाय. वारं लई लागतं," ती म्हणाली. "पर आरशात तुमी दिसत न्हाई."

सोनबाला कळलं नाही. मलाही नाही. मग ती जमिनीकडे बघत बोलू लागली, त्याच्याशी नव्हे, माझ्याशी.

"सासूच्या घरात ह्येंच्या तोंडाकडं बघायची सोय नव्हती, दादा. शेतात माणसं, दारात माणसं. हितं गाडीत चाकाम्होरं बसलं, की आरशात ह्ये दिसायचे. घामाघूम झाल्याले, दम लागल्याले. रोज येक फेरा. सोळा वरसं मी ह्येंना डोळं भरून बघितलं. त्या दिसाचं मनात काय सुदिक न्हाई राह्यलं."

सोनबानं पटक्याच्या शेवानं तोंड पुसलं. किती तरी वेळ तो पुसतच राहिला.

मुंबईचा ड्रायव्हर किल्ली मागायला आला, ट्रकवर गाडी मीच चढवतो म्हणाला. मी इंजिन बंद केलं, किल्ली खिशात घातली आणि इंजिन तापलंय, जरा थंड होऊ द्या, अशी थाप मारली. आरसा नीट उजवीकडे करून मी उतरलो. गोजाबाई माझ्या जागी जाऊन बसली. सोनबा मागे गेला आणि त्यानं गाडीला खांदा दिला.

गाडी हलली. मी तिकडे पाठ करून ट्रकवाल्याशी बोलत उभा राहिलो. पुरा फेरा झाला, फाटक आलं, तरी सोनबा थांबला नाही. त्यानं दुसरा फेरा धरला. ड्रायव्हर मला मनगटावरचं घड्याळ दाखवू लागला, तेव्हा मी त्याला हाताला धरून चहाच्या टपरीवर घेऊन गेलो.